अंदमान की लक्षद्वीप? कोरल दोन्हीकडे आहे, पण बेट एकसारखं नाही

माझ्या भाचीचं डिसेंबरात लग्न झालं आणि तेव्हापासून तिचं एकच चाललंय, मावशी अंदमानला जाऊ की लक्षद्वीपला, दोन्ही सेमच ना गं, बेट, निळं पाणी, कोरल, जिथलं पॅकेज आधी मिळेल ते घेऊन टाकते. सेम नाहीये बाळा. आम्ही दोघं दोन्हीकडे जाऊन आलोय, अंदमानला लग्नानंतर लगेच आणि लक्षद्वीपला त्यानंतर पंधरा वर्षांनी, मुलाला आजीकडे ठेवून, आणि हे दोन प्रवास इतके वेगळे निघाले की लोक दोन्ही नावं एका दमात घेतात तेव्हा मला राहवत नाही. म्हणून तिला फोनवर जे सांगितलं तेच नीट लिहितेय.

आधी नकाशा, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. लक्षद्वीप आपल्या बाजूला, अरबी समुद्रात, कोचीपासून २२० ते ४४० किलोमीटरवर. अंदमान पार पलीकडे बंगालच्या उपसागरात, चेन्नईहून जवळजवळ साडेतेराशे किलोमीटर. लक्षद्वीप साधारण मुंबईच्याच रेखांशावर आहे, त्यामुळे सूर्य आपल्यासारखाच वागतो. अंदमान आपल्यापासून २० अंश पूर्वेला पण घड्याळ आपलंच, म्हणजे जानेवारीत तिथल्या हॅवलॉक बेटावर सव्वापाच-साडेपाचला सूर्य गेलेला असतो. आम्हाला हे माहीत नव्हतं, आरामात चहा पिऊन राधानगर बीचवर पोचलो तर लोक टॉवेल झटकून परत निघालेले, सूर्यास्त संपलेला. तिथे दिवस पहाटेच सुरू करायचा हे तेव्हा कळलं. (हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप, शेजारच्या नील बेटाचं शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजयपुरम, तिकिटावर नवीन नाव दिसलं तर गडबडू नका.)

आता मुख्य फरक. अंदमान म्हणजे समुद्रात बुडालेल्या डोंगररांगेचे माथे, म्यानमारमधली आराकानची रांग तशीच पुढे पाण्यात शिरलीय आणि तिची शिखरं वर डोकावतात. त्यामुळे तिथे खरोखरचे डोंगर आहेत, उत्तर अंदमानातलं सॅडल पीक ७३२ मीटरचं, घनदाट जंगल आहे, ओढे आहेत, खारफुटी आहे. आणि कोरल, म्हणजे इवल्याशा समुद्री जिवांनी बांधलेला दगडासारखा थर, तो कुठे, तर साडीला काठ असावा तसं बेटाच्या कडेकडेने. जमीन वेगळी, कोरल वेगळं. २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानाकडचा किनारा वर उचलला गेला तेव्हा कडेचं कोरल पाण्याबाहेर येऊन मेलं, बेट मात्र जागेवर राहिलं.

लक्षद्वीपला साडी उरलीच नाहीये, नुसता काठ उरलाय. हे डार्विनने १८४२ मध्ये मांडलं होतं आणि मला ते फार आवडतं. आधी समुद्रात ज्वालामुखीचा डोंगर असतो, त्याच्या कडेने कोरल वाढतं, मग डोंगर लाखो वर्षांत हळूहळू खचत खाली जातो, पण कोरलला उजेड लागतो म्हणून ते जुन्याच्या डोक्यावर नवीन असं वर वर बांधत राहतं. शेवटी डोंगर पूर्ण बुडतो आणि वर उरतं कोरलचं कडं, मध्ये उथळ शांत पाणी. ते पाणी म्हणजे लगून. आणि त्या कड्यावर लाटांनी मोडलेलं कोरल, शिंपले, वाळू साठत साठत जी पट्टी तयार झाली त्यावर माणसं, माड आणि मशिदी. कुठेही गेलात तरी समुद्रापासून काही मीटरच उंच. सगळी बेटं मिळून जमीन फक्त ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बोरिवली नॅशनल पार्कच्या एक तृतीयांशसुद्धा नाही, आणि लगूनचं पाणी मात्र जवळपास ४२०० चौरस किलोमीटर.

अजून एक गोष्ट, आपल्या लोकांना सांगायलाच हवी अशी. खाली बुडालेला तो डोंगर कुठून आला, तर भूशास्त्रज्ञ मानतात की ज्या हॉटस्पॉटमधून (पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येत राहतो ती जागा) साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, त्याच्यावरूनच भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे ही समुद्रातली रांग राहिली. म्हणजे सह्याद्रीचा काळा दगड आणि लक्षद्वीपच्या पांढऱ्या वाळूखालचा दगड एकाच घरचे. लक्षद्वीपच्या कदमत बेटावर किनाऱ्याला बसून नवऱ्याला हे सांगितलं तर तो बराच वेळ गप्पच बसला होता.

ती वाळू मी हातात घेऊन चष्मा लावून बघितली. आपल्या कोकणातल्या वाळूत काळे-करडे दगडाचे कण असतात, इथे दगडाचा एक कण नाही, सगळे कोरलचे तुकडे, शिंपल्यांच्या कपच्या, काही गुलाबीसर, एक तर इवलासा गोगलगायीसारखा वळसा, जसाच्या तसा. यातली बरीच वाळू पॅरटफिश नावाचा मासा कोरल कुरतडून, पोटात दळून बाहेर टाकतो. भर दुपारीसुद्धा पाय पोळत नाहीत.

हे सगळं ट्रिपसाठी कशाला कळायला हवं, तर पाण्यात उतरल्यावर काय मिळणार ते यावरच ठरतं. मला पोहता येत नाही. लक्षद्वीपला लगूनमध्ये मी छातीभर पाण्यात उभी राहून नुसता मास्क बुडवला तरी मासे दिसत होते, कारण लाटा बाहेर कड्यावर फुटतात आणि आत पाणी तळ्यासारखं. रात्रभर लांबून गाज ऐकू येते आणि समोरचं पाणी मात्र हलत नाही, पहिल्या रात्री हे फार विचित्र वाटतं मग त्याशिवाय झोप येत नाही. नदी-ओढा एकही नाही, म्हणून गाळ येत नाही आणि पाणी काचेसारखं. पण लगूनच्या आत बराचसा तळ वाळूचाच असतो, मधूनमधून कोरलचे पुंजके, खरी भिंत कड्याच्या बाहेरच्या बाजूला, तिथे बोटीने जाऊन डाइव्ह करावा लागतो. लोक लगूनचा फोटो बघून म्हणतात वा काय कोरल आहे, तो फिका निळा रंग म्हणजे खरंतर खालची पांढरी वाळू असते. कोरल जिथे दाट असतं तिथे पाणी वरून काळपट, तपकिरी दिसतं.

अंदमानला कोरल किनाऱ्याला लागूनच, त्यामुळे भरती-ओहोटी बघूनच उतरायचं. हॅवलॉकच्या पूर्व किनाऱ्यावर किंवा नीलच्या भरतपूर बीचवर ओहोटीला गेलात तर पाणी आत गेलेलं आणि समोर खडबडीत माळरान, चालायला गेलं की पाय कापतात आणि आपण जिवंत कोरल तुडवतो ते वेगळंच. एलिफंट बीचला आम्ही भरतीला पोचलो तर मजा आली, पण नवऱ्याचा नंबर मायनस चार आणि साधा मास्क, त्याला सगळं पाणी म्हणजे रंगीत धुकं. मी बाजूने हात धरून सांगतेय तो बघ पिवळा, तो बघ पट्ट्यापट्ट्यांचा, आणि तो हो हो म्हणतोय. लक्षद्वीपला जायच्या आधी त्याने नंबरचा मास्क करून घेतला आणि पहिल्यांदा पाण्याबाहेर डोकं काढलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, पंधरा वर्षं उशिरा का होईना. चष्मा असेल तर हे आधी करा, बाकी शॉपिंग नंतर.

अंदमानला वंडूरच्या मरीन नॅशनल पार्कमध्ये (१९८३ पासून आहे) जॉली बॉय बेटाजवळ काचेच्या तळाच्या बोटीतून कोरल बघता येतं, पाण्यात न उतरता, आणि तिथे प्लास्टिक नेऊ देत नाहीत ते फार बरं करतात. आमच्या बोटीत एक काका म्हणाले हे बघा किती स्वच्छ पांढरंशुभ्र कोरल. मला तेव्हा तेच सुंदर वाटलं होतं. नंतर कळलं की पांढरं पडणं म्हणजे आजारपण, कोरलच्या अंगात राहणारं शेवाळ त्याला अन्न देतं आणि रंगही देतं, पाणी फार तापलं की ते शेवाळ निघून जातं आणि मागे उपाशी सांगाडा दिसतो. लगेच मेलेलं नसतं, पाणी वेळेत थंड झालं तर सावरतं. निरोगी कोरल बहुतेक तपकिरी, मोहरीच्या, शेवाळी रंगाचं असतं, ब्रोशरमधलं लालभडक नाही. (आणि आजीच्या माळेतलं पोवळं ते हे नव्हेच, दागिन्यातलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, वेगळ्याच जातीचं.)

१९९८ ला लक्षद्वीपचं कोरल असं मोठ्या प्रमाणात पांढरं पडलं होतं, २०१० ला अंदमानचं, आणि २०२४ ला परत लक्षद्वीपचं. अंदमानला कोरल गेलं तर फार मोठं नुकसान आहे, पण खाली डोंगर आहे. लक्षद्वीपला कोरल म्हणजेच लाटा अडवणारी भिंत आणि कोरल म्हणजेच जमीन. प्यायचं गोडं पाणीसुद्धा वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर, कवरत्ती बेटावर तर २००५ पासून समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करायचा प्रकल्प आहे. तिथे बादलीभर पाण्यात अंघोळ करताना मला हे सतत आठवायचं.

व्यवहाराचं पटकन सांगते. लक्षद्वीपला भारतीयांनाही परमिट लागतं, ते हातात आल्याशिवाय विमानाचं बुकिंग करू नका, विमान उतरतं त्या अगत्ती बेटाची धावपट्टी छोटी, विमानं लहान, सीट कमी. जहाजाने कोचीहून चौदा ते अठरा तास. गावातून फिरताना अंगभर कपडे, लोक शांत आणि धार्मिक आहेत, त्यांच्या अंगणातून आपण चाललेलो असतो. जेवण म्हणजे ट्यूना, खोबरं, भात, शाकाहारी असाल तर सोबत थोडं ठेवा. संध्याकाळी करायला काही नाही, आणि ज्या जोडप्याला तेच हवंय त्यांनी इथेच जावं. अंदमानला हॉटेलं भरपूर, बेटाबेटांत फेरीबोटी, बंगाली-तमिळ-उत्तर भारतीय सगळं जेवण, जंगलात ट्रेक, डाइव्हिंग शिकवणाऱ्या बऱ्याच जागा, आणि सेल्युलर जेल. सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते, त्यांच्या कोठडीसमोर आम्ही दोघं उभे होतो, हनिमूनच्या दुसऱ्याच दिवशी, आणि परत येताना रिक्षात कुणीच काही बोललं नाही. त्या ट्रिपचं मला सगळ्यात जास्त तेच आठवतं.

दोन्हीकडून एकही कोरलचा तुकडा आणू नका, किनाऱ्यावर पडलेला मेलेला सुद्धा. वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, विमानतळावर बॅगेतून काढून घेतात आणि प्रकरण वाढू शकतं.

भाचीने शेवटी कदमत ठरवलंय, मार्चमध्ये. जावई पोहणारा आहे, तो कड्याबाहेर डाइव्हला जाईल, ही माझ्यासारखी छातीभर पाण्यात उभी राहील. तिला म्हटलं येताना फक्त वाळूचा फोटो आण, अगदी जवळून काढलेला.