पावलं कुठे गेली? ‘निअरबाय’ या शब्दामागची गोष्ट

फोन घेऊन खऱ्या रस्त्यांवर हिंडत काल्पनिक प्राणी पकडायचा खेळ म्हणजे पोकेमॉन गो. तो उघडला की उजवीकडे खाली एक छोटी पट्टी दिसते. तिच्यावर बोट ठेवलं की ‘निअरबाय’ची यादी उघडते आणि यादीतल्या प्रत्येक प्राण्यामागे एखाद्या पोकेस्टॉपचा, म्हणजे खेळात वस्तू देणाऱ्या खऱ्या जागेचा, फोटो असतो. कुठे मारुतीचं देऊळ, कुठे चौकातला पुतळा, कुठे भिंतीवर रंगवलेलं चित्र. नवा खेळाडू हमखास विचारतो, ‘जवळ म्हणजे कशाच्या जवळ? माझ्या की देवळाच्या?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर ‘देवळाच्या’ असं आहे. ते तसं का, हे कळायला 2016 च्या जुलैचा शेवट बघावा लागतो. त्याआधीचं थोडक्यात उरकतो.

हातातल्या कन्सोलवर माग काढायची सोय पहिल्यापासून होती, पण ती वेगळ्या प्रकारची. 1996 च्या पोकेमॉन खेळांच्या पहिल्या जोडीत पोकेडेक्स, म्हणजे खेळातला प्राणीकोश, फक्त वस्ती सांगायचा: अमुक प्राणी अमुक रस्त्यावर आढळतो, पुढचं तुमचं नशीब. 1999 च्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये रायकू, एन्टेई, सुइकून असे भटके प्राणी आले. ते एकदा नजरेस पडले की त्यांचा सध्याचा ठावठिकाणा डेक्सच्या नकाशावर दिसायचा, आणि आपण तिथे पोचेपर्यंत स्वारी पुढच्या रस्त्याला लागलेली असायची. 2006 च्या डायमंड-पर्लमध्ये पोके रडार मिळालं. ते चालवलं की आसपासच्या गवताचे काही तुकडे हलत; त्यातला योग्य तुकडा निवडत एकाच जातीची साखळी लांबवायची. मूळ 8192 मध्ये एक असलेली शायनीची, म्हणजे वेगळ्या रंगाच्या दुर्मीळ प्राण्याची, शक्यता चाळिसाव्या साखळीला साधारण 200 मध्ये एकवर यायची. रडार पुन्हा भारायला 50 पावलं चालावं लागे, आणि साखळी तुटली की अख्खी संध्याकाळ पाण्यात. 2014 च्या ओमेगा रुबी-अल्फा सफायरमधलं डेक्सनॅव्ह याहून मायाळू: गवतातून शेपूट किंवा कान डोकावायचा, प्राण्याला कोणती चाल येते हे आधीच कळायचं आणि आपण दबक्या पावलांनी पुढे सरकायचं.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी होती. गवतही खेळाचंच आणि रडारही खेळाचंच. माझ्या रडारमुळे दुसऱ्या कुणाच्या खेळावर ओरखडा उठत नसे.

6 जुलै 2016 ला पोकेमॉन गो अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आलं, तेव्हा गवताच्या जागी खरा रस्ता आला. त्यातला पहिला ट्रॅकर, म्हणजे माग काढायची सोय, साधा होता. यादीत जास्तीत जास्त नऊ प्राणी आणि प्रत्येकाखाली पावलांचे ठसे. तीन ठसे म्हणजे लांब, दोन म्हणजे बरा, एक म्हणजे आलाच, ठसा नाही म्हणजे डोळे उघडून बघ. दिशा कुठेही नाही, फक्त अंतर. लहानपणी एखादी वस्तू लपवून टाळ्यांच्या आवाजावर शोधायला लावायचो. जवळ गेलं की टाळ्या जोरात, दूर गेलं की हळू. हे तेच होतं, फक्त टाळ्या वाजवणारा फोन होता.

दिशा नसल्यामुळेच खरी गंमत होती. समजा ड्रॅटिनी नावाचा प्राणी तीन ठशांवर आहे. उत्तरेला शंभरेक पावलं चालायचं. ठसे दोनावर आले तर दिशा बरोबर. पुन्हा तीन झाले तर रेषा ओलांडली, तेव्हा मागे फिरून त्या दोन बिंदूंच्या मधोमध उभं राहायचं आणि काटकोनात वळायचं. ठसे बदलेनात तर यादीचा क्रम बघायचा, कारण जवळचा प्राणी वर सरके. बहुतेक प्राणी साधारण 15 मिनिटं टिकत, म्हणून हे सगळं घाईनं करायचं. चार अनोळखी माणसं एकाच कोपऱ्यावर एकदम वळली की आपण बरोबर चाललोय हे कळायचं. भूमितीच्या तासाला झोपणारी मुलं त्या पंधरवड्यात भर रस्त्यात वर्तुळं छेदत होती.

मग जुलैच्या मध्याच्या सुमारास सगळ्याच प्राण्यांखाली तीन ठसे दिसायला लागले. पायाशी बसलेल्या पिजीखालीही तीन. खेळाडूंनी याला ‘तीन पावलांचा बग’ म्हटलं आणि दुरुस्तीची वाट बघितली. सर्व्हरचे हाल तेव्हा सर्वांना दिसत होते. ज्यांच्या क्लाउडवर खेळ चालत होता त्यांनीच पुढे लिहिलं की अपेक्षेच्या पाचपट ही सर्वांत वाईट शक्यता धरली होती, प्रत्यक्षात वर्दळ पन्नासपट निघाली. त्यामुळे ‘भार कमी करायला ठसे मोजणं थांबवलं असेल’ हा तर्क लगेच पसरला.

रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. बाहेरचे नकाशे फोफावले. त्यांची तऱ्हा अशी: ढीगभर खोटी खाती काढायची, ‘मी अमुक अक्षांश-रेखांशावर उभा आहे’ असं प्रत्येकाकडून सर्व्हरला सांगायचं आणि सर्व्हर जी माहिती फोनला देतो ती उचलून नकाशावर टाचण्या टोचायच्या. प्राणी कुठल्या फुटपाथवर आहे आणि आणखी किती मिनिटं राहील, दोन्ही कळायचं. सर्वांत गाजलेल्या नकाशाच्या कर्त्यानं नंतरच्या खुल्या पत्रात वापरणाऱ्यांचा आकडा 5 कोटी सांगितला. यात माग काढणं उरलंच नव्हतं, नुसतं जाऊन उचलणं होतं. तरीही लोक तिकडे गेले, कारण खेळातला ट्रॅकर आंधळा झाला होता.

आता वादाची जागा. जुलैच्या त्या शेवटच्या शनिवार-रविवारी दोन गोष्टी एकदम झाल्या: अपडेटमध्ये ठसे दुरुस्त न होता कायमचे निघाले, आणि मोठे नकाशे खेळ बनवणाऱ्या निअँटिक कंपनीच्या सांगण्यावरून बंद पडले. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. अॅप स्टोअरवर एका ताऱ्याचा पाऊस पडला, विकत घेतलेल्या खेळातल्या नाण्यांचे पैसे परत मागितले गेले. 2 ऑगस्टच्या निवेदनात सांगितलं ते असं, की ठशांची सोय अनेकांना आवडत असली तरी गोंधळात टाकणारी होती आणि मूळ उद्देशात बसत नव्हती. 4 ऑगस्टला नकाशांबद्दलचा खुलासा आला, सोबत एक आलेख: बाहेरून माहिती ओढणाऱ्यांना अडवताच सर्व्हरवरचा भार कड्यावरून पडल्यासारखा खाली. याच भारामुळे ब्राझीलसारख्या देशांत खेळ पोचायला उशीर झाला, असंही म्हटलं होतं.

आलेखावर अविश्वास दाखवायचं कारण नाही. खोट्या खात्यांचा भार खराच होता. पण ‘गोंधळात टाकणारी’ हा शब्द लोकांच्या जिव्हारी लागला, आणि मला तरी तो लागणं बरोबर वाटतं. पहिल्या आठवड्यात ठसे कुणाला गोंधळात टाकत नव्हते. गोंधळ झाला तो सगळीकडे तीन दिसायला लागल्यावर. नकाशांनी खेळ सोपा करून टाकला हा आक्षेप मान्य, पण आधी पावलं बिघडली आणि मग नकाशे बोकाळले, हा क्रम त्या खुलाशांत कुठे सापडत नाही.

पुढे मांजर-उंदराचा खेळ झाला. कंपनीनं माहितीच्या देवाणघेवाणीत एक नवी सही घातली; हौशी प्रोग्रामरनी त्या न कळणाऱ्या खान्याला ‘अननोन 6’ म्हटलं आणि रात्रंदिवस बसून तीन-चार दिवसांत ते फोडलं. नकाशे लहान प्रमाणात परत आले. खेळातला ट्रॅकर मात्र परत आला तो वेगळ्या रूपात.

इथून शब्दांचा गुंता सुरू होतो, तो अजून सुटलेला नाही. सुरुवातीला ‘निअरबाय’ म्हणजे माझ्यापासून जवळ. ऑगस्ट 2016 मध्ये तीच यादी ‘साइटिंग्ज’ झाली: प्राण्यामागे गवताचं चित्र, अंतर नाही, दिशा नाही, ‘इथे कुठेतरी आहे’ एवढंच. त्याच वेळी सॅन फ्रान्सिस्कोतल्या मोजक्या खेळाडूंवर एक नवी यादी तपासली जात होती, आणि तिला पुन्हा ‘निअरबाय’ हेच नाव दिलं. तिच्यात गवताऐवजी पोकेस्टॉपचा फोटो. नोव्हेंबरपासून ती हळूहळू इतरत्र पोचली. म्हणजे शब्द तोच, पण जवळपणा मोजायचा तो दगडी खुणेपासून. अजूनही दोघं बोलायला बसले की एक जुन्या अर्थानं ‘निअरबाय’ म्हणतो आणि दुसरा नव्या. त्यात कुणी ‘रडार’ म्हटलं की झालंच, कारण काहींसाठी रडार म्हणजे ही यादी, काहींसाठी बाहेरचा नकाशा, आणि जुन्या खोडांसाठी 2006 चं ते यंत्र.

खुणेपासून मोजायचं ठरलं की खुणा कुठून आल्या हे महत्त्वाचं होतं. पोकेस्टॉपांचा मोठा भाग त्याच कंपनीच्या 2012 च्या इन्ग्रेस या खेळातून आला. त्यात खेळाडूंनी आपल्या भागातली शिल्पं, देवळं, चर्च, कारंजी फोटो काढून पाठवली होती. जिथे इन्ग्रेस खेळणारे होते तिथे खुणा दाट. पुण्या-मुंबईच्या जुन्या वस्त्यांत गल्लीगणिक देऊळ असल्यामुळे यादी भरलेली. तालुक्याच्या गावी बसस्टँड, ग्रामदैवत आणि एखादा पुतळा संपला की गवतच. देवळांवरच्या या खुणांवरून सप्टेंबर 2016 मध्ये गुजरातच्या उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली: खेळात देवळातून अंडी मिळतात, हा आक्षेप. गंमत म्हणजे तोवर खेळ भारतात अधिकृतपणे आलाच नव्हता. जो तो इकडूनतिकडून एपीके, म्हणजे अॅपची फाइल, उतरवून खेळत होता.

अधिकृत आगमन डिसेंबर 2016 मध्ये, एका मोबाइल नेटवर्कच्या भागीदारीत. तिची दुकानंच पोकेस्टॉप आणि जिम, म्हणजे प्राण्यांच्या लढतीच्या जागा, झाली. मग ‘निअरबाय’मध्ये देवळांशेजारी इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूमचे फोटो यायला लागले. जवळ म्हणजे कुणाच्या जवळ, या प्रश्नाला आणखी एक उत्तर मिळालं.

पुढे लेव्हल 40 गाठलेल्यांना टप्प्याटप्प्यानं नव्या खुणा सुचवायची सोय मिळाली. तीही मोकळी नाही. नकाशाच्या एका ठरावीक छोट्या चौकोनात खेळ एकच खूण दाखवतो. एकाच आवारात गणपती आणि विठ्ठल दोन्ही असले तर एकाला थांबावं लागतं.

अंतरावरून शेवटचा मोठा वाद 2021 मध्ये झाला, पण तो माग काढण्याचा नव्हता, पोच किती असावी याचा होता. कोविडच्या साथीच्या काळात पोकेस्टॉपची फोटोची चकती फिरवता येण्याचं अंतर 40 मीटरवरून 80 केलं होतं. 1 ऑगस्टला अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये ते परत 40 झालं, जगभरच्या खेळाडूंनी बहिष्काराची भाषा केली आणि महिना संपायच्या आत 80 कायम राहिलं. 2016 मध्ये असं काही घडलं नव्हतं. तेव्हा एवढा एकजूट आवाज नव्हता आणि बहुतेकांना वाटत होतं, पुढच्या अपडेटमध्ये पावलं येतीलच.

ती एका अर्थानं आली. आज यादीतल्या प्राण्यावर टिचकी मारली की कोपऱ्यात ठशांचं बटण येतं. ते दाबलं की नकाशा वर उचलला जातो आणि पोकेस्टॉप दाखवतो. ते ठसे काही मोजत नाहीत, नुसतं चिन्ह आहे. भारतात ज्यांनी डिसेंबर 2016 नंतर अधिकृत खेळ उतरवला त्यांनी मोजणारे ठसे कधी पाहिलेच नाहीत, त्यामुळे त्या बटणावर पंजाच का, हे त्यांना वेगळं सांगावं लागतं.