हँड फर्न (फ्लोरिडातील ऱ्हास)

हँड फर्न : ऑफिओग्लॉसेसी कुलातला, झाडावर वाढणारा दुर्मिळ नेचा. शास्त्रीय नाव चिरोग्लॉसा पामेटा. लिनीअस यांनी १७५३ मध्ये त्याला ऑफिओग्लॉसम पामेटम म्हटले होते. पावसाळ्यात कोकणच्या सड्यांवर उगवणारे इवलेसे ऑफिओग्लॉसम याचेच भाऊबंद, पण ते जमिनीवरचे. उष्ण कटिबंधीय अमेरिकेत हँड फर्न इतरत्रही आढळतो. संयुक्त संस्थानांत मात्र त्याचे घर एकच, फ्लोरिडा. तिथे राज्याने त्याला संकटग्रस्त ठरवले आहे.

ओळखायला पान पुरे. ते लोंबते, मांसल असते आणि टोकाकडे बोटांसारखे चिरलेले असते. देठाशी जुळते तिथल्या कडांवर बीजुककोशांचे (बीजुके म्हणजे नेच्याचे बीजासारखे सूक्ष्म कण, त्यांच्या पिशव्यांचे) बारीक तुरे येतात, जणू मोठ्या पंजाला लहान बोटे फुटली आहेत.

फ्लोरिडात तो मुख्यतः कॅबेज पाम या ताडासारख्या झाडावर राहतो. जुनी झावळी वाळून पडते, पण देठाचे रुंद बूड खोडाला चिकटून राहते. तिथले लोक त्याला ‘बूट’ म्हणतात. बुटाच्या बेचक्यात पाला कुजतो, ओल टिकते, बीजुक रुजतो. त्यातून येणारी पहिली अवस्था, गंतुकधारी, हिरवी नसतेच. कुजक्या पाल्यात दडून ती कवकाच्या (बुरशीच्या) आधारावर जगते. बेचके कोरडे पडले की पुढचे सारे खुंटते.

घात झाला तो खालच्या पाण्यामुळे. दलदली आटवून शेती करण्याचे मोठे काम १८८१ मध्ये उद्योजक हॅमिल्टन डिस्टन यांनी हाती घेतले. १९४८ नंतरच्या सरकारी कालव्यांनी ते आणखी पसरवले. भूजल उतरले, रायांमधला दमटपणा गेला आणि ओलाव्यात विझणारा वणवा खोडांवर चढू लागला. वाळके बूट म्हणजे आयते सरपण. पाम आगीतून सहसा वाचतो, शेंड्याला नवी झावळी धरतो. बूट जळतात आणि त्यांच्यासोबत नेचाही. म्हणून दुरून हिरवीगार दिसणारी राई या नेच्यापुरती ओसाड असू शकते. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कुंकेल स्मॉल यांनी या विध्वंसाबद्दल १९२९ मध्येच कळकळीने लिहिले होते. हौशी संग्राहकांनी उपटून नेलेली रोपे वेगळीच.

एव्हरग्लेड्समध्ये, म्हणजे दक्षिण फ्लोरिडातल्या विस्तीर्ण दलदलीत, पाणी परत आणण्याची योजना २००० मध्ये मंजूर झाली. पण जळालेले बूट परत येत नाहीत. शेंड्याखालच्या झावळ्या वाळतील तसतसे नवे जमतात, आणि तिथवर बीजुक पोचायला आसपास एखादा नेचा जिवंत उरलेला लागतो.