डिझेल फिल्टरची गळती: आवळणे आणि साबण चोळणे हा उपाय नव्हे

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घाटवाटांवर चालणाऱ्या डिझेल जीपगाड्यांबाबत एक सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो: फिल्टर गळू लागला, तर तो पान्याने आणखी आवळावा, वर कपड्याचा साबण चोळावा आणि निर्धास्त राहावे, कारण डिझेल पेट्रोलसारखे पेट घेत नाही. हा सल्ला धोकादायक आहे.

फिरवून बसवण्याच्या फिल्टरमध्ये गळती रोखते ती रबरी रिंग, आणि अति आवळल्याने तीच चेपते किंवा फाटते. पुष्कळदा जुनी रिंग वरच्या बैठकीला चिकटून राहते व तिच्यावर नवी चढते. कधी तळाचा, पाणी काढण्याचा नळच सैल असतो. साबण डिझेलला काही काळ दाद देत नसला, तरी कोकणच्या पावसात तो धुऊन जातो. शिवाय फिल्टर इंधन पंपाच्या, टाकीतून डिझेल खेचणाऱ्या बाजूला असेल, तर त्याच फटीतून हवा आत शिरते आणि गाडी ऐन चढावर बंद पडू शकते. थेंब दिसत नाही म्हणून दोष गेला असे मानू नये.

आगीचे म्हणाल, तर सुमारे २५० अंश सेल्सिअसला डिझेल ठिणगीशिवायही पेटू शकते आणि चढावर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला तापलेला धूर बाहेर नेणारा नळ्यांचा भाग, त्याहून बराच तापतो.

इंजिन थंड झाल्यावर जुनी रिंग काढून बैठक पुसावी, नव्या रिंगेला स्वच्छ डिझेल लावावे, ती टेकल्यावर फिल्टरवर छापलेल्या सूचनेइतकाच फेरा हाताने द्यावा आणि इंधनाच्या हातपंपाने आत अडकलेली हवा काढावी.