मॉडिंग : संगणकीय खेळांतील बदल आणि नवशिक्याचा पहिला प्रकल्प

बाजारात आलेल्या संगणकीय खेळाच्या फाइलींत खेळणाऱ्यांनीच भर घालणे, त्या बदलणे किंवा त्याच इंजिनावर (खेळ चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमवर) वेगळा खेळ उभा करणे याला मॉडिंग म्हणतात. अशा बदलाला मॉड आणि तो करणाऱ्याला मॉडर म्हणतात. एका पात्राचा चेहरा बदलणाऱ्या चित्रापासून नवे शहर, नवी कथा व नवे संवाद असलेल्या स्वतंत्र खेळापर्यंत त्याचा पल्ला आहे. खेळात लबाडी करण्यासाठी केलेले फेरफार आणि कन्सोलच्या यंत्रातील बदल या नोंदीत घेतलेले नाहीत.

उगम : मॉडिंगची सुरुवात कोठून धरावी याबाबत एकमत नाही. सर्वांत मागे जाणारे अभ्यासक मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील ‘स्पेसवॉर!’ (1962) या खेळापर्यंत पोचतात. पीडीपी-1 संगणकावरील हा खेळ मुख्यतः स्टीव्ह रसेल यांनी लिहिला. मागे खऱ्या आकाशातील तारे दाखवणारा भाग पीटर सॅमसन यांनी जोडला आणि संकटात सापडलेले यान एकदम दुसरीकडे नेण्याची सोय मार्टिन ग्रेट्झ यांनी केली. मात्र ही मंडळी एकाच वर्तुळातली होती. निर्माता एक आणि बदल करणारा परका खेळाडू दुसरा, अशी फारकत तेथे दिसत नाही.

दुसरे मत आर्केड यंत्रांकडे बोट दाखवते. जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीने 1981 मध्ये अटारीच्या ‘मिसाइल कमांड’ यंत्राला जोडायचा एक सर्किट बोर्ड विकायला काढला. त्याने जुना खेळ अधिक अवघड होई. अटारीने दावा लावला आणि प्रकरण तडजोडीवर मिटले. मूळ निर्मात्याच्या संमतीशिवाय असे बोर्ड विकणार नाही, असे कंपनीने मान्य केले. ‘पॅक-मॅन’साठी तयार होत असलेला त्यांचा पुढचा बोर्ड त्यामुळे थेट मिडवे कंपनीकडे गेला आणि 1982 मध्ये ‘मिस पॅक-मॅन’ या नावाने अधिकृत खेळ म्हणून बाजारात आला. तांत्रिकदृष्ट्या हे मॉडिंगच असले तरी तो सरळ व्यापार होता.

तिसरे आणि सर्वाधिक उद्‌धृत होणारे उदाहरण ‘कॅसल स्मर्फेनस्टाइन’चे. सायलस वॉर्नर यांनी ॲपल-2 संगणकासाठी लिहिलेल्या ‘कॅसल वुल्फेनस्टाइन’ (1981) या खेळातील नाझी पहारेकऱ्यांच्या जागी दूरचित्रवाणीवरील निळे स्मर्फ बसवून काही तरुणांनी 1983 च्या सुमारास हे विडंबन केले. चित्रे, आवाज व सुरुवातीचा पडदा बदलला. खेळाचे नियम तसेच राहिले. पुष्कळ ठिकाणी याला ‘पहिला मॉड’ म्हटले जाते. तसे ठामपणे म्हणणे धाडसाचे आहे, कारण त्या काळी डिस्कवरील बाइट थेट बदलून मित्रांत वाटलेल्या खेळांची नोंद कोणी ठेवलेली नाही.

मॉडिंगला आजचे रूप मात्र इड सॉफ्टवेअरच्या ‘डूम’पासून (10 डिसेंबर 1993) आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आधीच्या ‘वुल्फेनस्टाइन 3डी’चे (1992) नकाशे खेळाडूंनी खटपट करून बदलले होते. ते पाहून कंपनीचे प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी नव्या खेळाची रचना करतानाच इंजिन एका बाजूला आणि नकाशे, चित्रे, आवाज दुसऱ्या बाजूला ठेवले. 1994 च्या सुरुवातीलाच खेळाडूंनी तयार केलेले नकाशा-संपादक हाती आले. कंपनीने घातलेली अट लक्षात घेण्याजोगी आहे : फुकट वाटलेल्या नमुना-आवृत्तीवर बाहेरचे नकाशे चालत नसत, विकत घेतलेली प्रत लागे. निर्मात्याची विक्री आणि खेळाडूची हौस यांची सांगड प्रथमच इतक्या स्पष्टपणे घातली गेली.

मूळ तंत्र : ‘डूम’ची माहिती वॅड नावाच्या फाइलीत असते. पहिले 12 बाइट शीर्षाचे. त्यांतील पहिले चार ‘आयवॅड’ (मूळ खेळाची) किंवा ‘पीवॅड’ (भरीची) ही खूण सांगतात, पुढचे चार आत किती तुकडे आहेत ते आणि शेवटचे चार अनुक्रमणिका कोठे आहे ते. अनुक्रमणिकेतील प्रत्येक नोंद 16 बाइटांची असून तुकड्याची जागा, आकार आणि आठ अक्षरांपर्यंतचे नाव तिच्यात असते. एकाच नावाचे दोन तुकडे सापडले की नंतर उघडलेल्या फाइलीतला तुकडा ग्राह्य धरला जातो, त्यामुळे मूळ फाइलीला हात न लावता तिच्यावर मात करता येते. (मूळ इंजिनात पात्रांची चित्रे आणि जमिनीचे पोत यांना हा नियम सरळ लागू पडत नसे, त्यासाठी फाइली जोडणारी वेगळी साधने वापरावी लागत.)

‘जो शेवटी उघडतो त्याचे चालते’ हा नियम पुढे जवळजवळ सर्वत्र टिकला. बेथेस्डा या कंपनीच्या ‘स्कायरिम’मध्ये (2011) अनेक मॉड एकत्र लावताना त्यांचा क्रम, म्हणजे लोड ऑर्डर, महत्त्वाचा ठरतो तो यामुळेच. तेथे प्रत्येक वस्तू, पात्र किंवा जागेला आठ हेक्स (0 ते 9 आणि A ते F अशा सोळा चिन्हांच्या) अंकांचा क्रमांक असतो. त्यातील पहिले दोन अंक ती नोंद कोणत्या फाइलीतून आली ते सांगतात. दोन अंकांत 256 क्रमांक बसतात. त्यांतला शेवटचा खेळ चालू असताना निर्माण होणाऱ्या नोंदींसाठी राखलेला असल्याने मूळ आवृत्तीत 255 फाइलींची मर्यादा पडली. नंतरच्या विशेष आवृत्तीत (2016) ‘हलक्या’ फाइलींची सोय होऊन ती सैल झाली.

पहिला प्रकल्प : नवशिक्याच्या मनात बहुधा प्रचंड काहीतरी असते : नवा प्रदेश, नवी कथा, आवाज देणारे कलाकार. असे प्रकल्प अर्ध्यावर थांबतात, त्यामागे कौशल्यापेक्षा आवाक्याचा प्रश्न अधिक असतो. नामांकित मॉडांच्या मागे लहान मॉडांची उमेदवारी दिसते. ‘हाफ-लाइफ’वरील ‘काउंटर-स्ट्राइक’ (1999) करणाऱ्या दोघांपैकी मिन ली यांनी त्याआधी ‘क्वेक’साठी ‘नेव्ही सील्स’ हा मॉड केला होता आणि ‘ॲक्शन क्वेक 2’मध्येही काम केले होते. म्हणून पहिला प्रकल्प एका बैठकीत खेळात दिसेल एवढाच असावा, हा या क्षेत्रातील जुन्या लोकांचा सल्ला योग्य आहे. माणसे जमवण्याआधी दाखवण्यासारखे काहीतरी चालू स्थितीत असावे, हेही त्याच ओघात येते.

खेळ निवडताना त्याच्या लोकप्रियतेपेक्षा त्याची माहिती किती उघडी आहे ते पाहावे. ‘रिमवर्ल्ड’मध्ये बऱ्याच गोष्टी साध्या एक्सएमएल मजकुरात लिहिलेल्या असतात, ‘स्कायरिम’साठी निर्मात्यांनीच फेब्रुवारी 2012 मध्ये ‘क्रिएशन किट’ हा संपादक दिला. याउलट ‘माइनक्राफ्ट’च्या जावा आवृत्तीत मॉड लिहायचा तर जावा भाषा आणि फोर्ज किंवा फॅब्रिक यांसारखा लोडर (मॉड खेळात चढवणारा प्रोग्रॅम) दोन्ही समजून घ्यावे लागतात. स्पर्धात्मक ऑनलाइन खेळ सुरुवातीला टाळावेत. तेथे फाइली बदलल्या की खाते बंद होण्याचा धोका असतो.

‘स्टारड्यू व्हॅली’ (2016) हे शेतीचे जग नवशिक्यांना विशेष सोयीचे आहे. स्मापी हा लोडर आणि त्यावर चालणारा ‘कंटेंट पॅचर’ एवढे बसवले की प्रोग्रॅमिंग न करता मॉड तयार होतो. समजा, अ‍ॅबिगेल या पात्राचा संवादाच्या वेळी दिसणारा चेहरा बदलायचा आहे. ‘मॉड्स’ फोल्डरमध्ये आपले एक फोल्डर करायचे आणि त्यात दोन जेसन (ठरावीक मांडणीच्या मजकुराच्या) फाइली ठेवायच्या. ‘मॅनिफेस्ट’ या पहिल्या फाइलीत मॉडचे नाव, कर्ता, आवृत्ती आणि जगात दुसऱ्या कोणाचा नसेल असा ओळखक्रम असतो. तो ‘कर्ता-टिंब-मॉडचे नाव’ अशा धाटणीचा ठेवतात. ‘कंटेंट’ या दुसऱ्या फाइलीत कोणती क्रिया करायची (येथे चित्र बदलणे), खेळातील कोणत्या चित्रावर आणि आपल्या फोल्डरमधील कोणत्या फाइलीवरून, हे मुख्यतः लिहायचे. मूळ चित्रपट्टी 128 पिक्सेल रुंद असून तीत 64 बाय 64 चे चौकोन दोन-दोन करून मांडलेले असतात. एकेका चौकोनात हसरा, रडवेला, रागावलेला असा एकेक भाव. चौकोनांचे माप चुकले की अर्धा चेहरा एका भावात आणि अर्धा दुसऱ्यात दिसतो. एखादा स्वल्पविराम किंवा महिरपी कंस राहिला, तर खेळ सुरू होतो पण चेहरा जुनाच राहतो.

अशा वेळी नवशिके सगळे पुसून पुन्हा सुरुवात करतात. त्याची गरज नसते. खेळासोबत उघडणाऱ्या काळ्या खिडकीत स्मापी लाल अक्षरांत चूक दाखवते आणि तोच मजकूर लॉग फाइलीतही (खेळाच्या नोंदवहीतही) उतरतो. लॉग वाचायची सवय हे मॉडिंगमधील पहिले खरे शिक्षण आहे. चित्रकला किंवा प्रोग्रॅमिंग त्यानंतर. मदत मागतानाही ‘चालत नाही’ एवढेच न सांगता संपूर्ण लॉग, खेळाची आवृत्ती आणि लावलेल्या मॉडांची यादी द्यावी. एका वेळी एकच बदल करून खेळ उघडून पाहावा. आधीच्या चालू प्रती तारखेसह जपाव्यात किंवा गिट हे प्रती सांभाळणारे साधन वापरावे.

चाचणीसाठी वेगळी सेव्ह (खेळाची साठवलेली प्रगती) ठेवणे अत्यावश्यक आहे. ‘स्कायरिम’सारख्या खेळात मॉडमधील स्क्रिप्टांच्या (छोट्या प्रोग्रॅमांच्या) खुणा सेव्ह फाइलीत शिरतात, मॉड मागाहून काढला तरी त्या राहतात आणि कधीकधी सेव्ह बिघडते. आवडीच्या, शेकडो तास खेळलेल्या सेव्हवर प्रयोग करणे म्हणजे हाताने नुकसान ओढवून घेणे होय.

खेळाची नवी आवृत्ती हे दुसरे संकट. मूळ प्रोग्रॅमच्या आतल्या पत्त्यांवर अवलंबून असलेले मॉड एका अद्यतनात बंद पडतात. चित्रे आणि मजकूर बदलणारे सहसा तग धरतात. ‘फॉलआउट 4’वरील ‘फॉलआउट : लंडन’ हा मोठा मॉड 23 एप्रिल 2024 रोजी यायचा होता. दोनच दिवसांनी मूळ खेळाचे मोठे अद्यतन येत असल्यामुळे तो पुढे ढकलावा लागला आणि 25 जुलैला प्रसिद्ध झाला. अनुभवी चमूची ही गत, तर नवशिक्याने आपला मॉड कोणत्या आवृत्तीवर तपासला आहे ते पहिल्याच ओळीत लिहावे.

परवानगी व कायदा : दुसऱ्याच्या मॉडमधील चित्र, आवाज किंवा कोड घेताना त्याची परवानगी लागते, नुसते श्रेय दिले म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. आपला मॉड इतरांनी पुढे न्यावा की नाही हेही सोबतच्या मजकुरात स्पष्ट लिहावे. ‘वॉरक्राफ्ट 3’ या खेळावरील ‘डोटा’ हा मॉड असाच एका हातातून दुसऱ्या हातात जात वाढला आणि शेवटी ‘डोटा 2’ (2013) या स्वतंत्र खेळापर्यंत पोचला.

अमेरिकेत या विषयावरचा महत्त्वाचा निवाडा 1998 चा आहे. ‘ड्यूक न्यूकेम 3डी’साठी खेळाडूंनी केलेले 300 नकाशे एका कंपनीने डिस्कवर घालून विकले. अपील न्यायालयाने हे नकाशे मूळ कथेचे अनधिकृत उत्तरकांड ठरवले. त्यांच्या फाइलींत मूळ खेळाचे एकही चित्र नव्हते, तरीही. त्यामुळे बहुतेक मॉड निर्मात्याच्या सहनशीलतेवर किंवा परवान्याच्या अटींवर उभे आहेत, असे म्हणावे लागते. भारतात 1957 च्या प्रताधिकार कायद्याचे कलम 52 कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रोग्रॅमच्या प्रतीवरून वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठी प्रत किंवा रूपांतर करण्यास मुभा देते. मॉड इतरांना वाटणे या मुभेत बसते असे मात्र गृहीत धरू नये. 2012 च्या दुरुस्तीने आलेले कलम 65-अ डिजिटल संरक्षक कुलपे तोडण्यालाही लागू होते.

पैसे घेऊन मॉड विकण्याचा प्रयत्न व्हॉल्व्ह (‘स्टीम’ हे खेळांचे दुकान चालवणारी कंपनी) आणि बेथेस्डा यांनी ‘स्कायरिम’साठी एप्रिल 2015 मध्ये केला, तीव्र विरोधामुळे तो काही दिवसांतच मागे घेतला गेला.

भारतीय व मराठी संदर्भ : भारतीय उपखंडात मॉडिंगची ओळख अनेकांना ‘क्रिकेट 07’मुळे झाली. ईए स्पोर्ट्सने 2006 मध्ये काढलेल्या या खेळानंतर कंपनीने पुढचा क्रिकेट खेळ आणला नाही. आयपीएल 2008 मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचे संघ, गणवेश, बॅटी, चेहरे आणि मैदाने चाहत्यांनीच या जुन्या खेळात बसवली आणि पुढेही हंगामागून हंगाम ती अद्ययावत केली. हे काम मुख्यतः चित्रे व खेळाडूंच्या याद्या बदलण्याचे असल्याने नवशिक्याला आजही उत्तम सराव देते.

एखाद्या खेळाचे मराठीकरण करू पाहणाऱ्याला भाषांतराआधी अक्षरांचा प्रश्न सोडवावा लागतो. पुष्कळ खेळ चित्रस्वरूप फॉन्ट वापरतात आणि अक्षरे नुसती एकापुढे एक मांडतात. त्यामुळे ‘किल्ला’मधील ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या अलीकडे न येता पलीकडे जाते आणि ‘ल्ल’ न जुळता ‘ल’ला हलन्त लागून ‘ल’ सुटा उरतो. इंजिनात अक्षरजुळणीची सोय असेल (गोडो 4 या इंजिनात ती आहे) तर प्रश्न उरत नाही. नसेल तर लागणारी जोडाक्षरे आधीच चित्ररूपात तयार करून युनिकोड या अक्षरसंकेत-पद्धतीच्या खासगी वापराच्या विभागात बसवतात आणि मजकूर त्या संकेतांत बदलून घेतात. त्या विभागात 6,400 जागा आहेत, त्या मराठीला सहज पुरतात. अक्षरांसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ हा खुल्या परवान्याचा फॉन्ट चालतो. सुरुवात मुख्य मेनूतील चार-पाच शब्दांपासून करावी आणि त्यांत वेलांटी, रफार व एखादे जोडाक्षर येईल असे शब्द निवडावेत.