नळी श्वासनलिकेतच आहे ना?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव परिसरातल्या पाड्यावर पावसाळ्याच्या रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार जातीचा साप डसतो, तेव्हा दंशाच्या जागी पुष्कळदा सूजही नसते. काही तासांनी पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते आणि अखेर श्वासाचे स्नायू थकतात. अशा वेळी विषाचा अंमल ओसरेपर्यंत तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घालून श्वास चालू ठेवला, तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो.

मात्र घशाच्या तळाशी दोन वाटा आहेत, पुढे श्वासनलिका आणि तिच्या मागे अन्ननलिका. लाळ आणि उलटीने घसा भरलेला असताना अनुभवी हातांकडूनही नळी मागच्या वाटेने जाऊ शकते. मग नळीतून हवा देणारी हातातली अंबू पिशवी दाबली की पोट फुगते आणि फुप्फुसे उपाशी राहतात. छाती हलते का, स्टेथोस्कोपमधून श्वास ऐकू येतो का, नळीत बाष्प दिसते का, या खुणांवर पूर्वीपासून भिस्त राहिली आहे; पण पोटातून परतणारी ओलसर हवाही नळी धूसर करते आणि पोटातला आवाज छातीवर ऐकू येतो. मला सर्वांत धोकादायक वाटतो तो बोटावरच्या ऑक्सिमीटरचा दिलासा, कारण आधी भरपूर प्राणवायू दिलेला असेल, तर नळी चुकल्यावरही काही मिनिटे आकडा उत्तम दिसत राहतो.

भरवशाची साक्ष कार्बन डायऑक्साइड देतो. बाहेरच्या हवेत तो सुमारे 0.04 टक्के असतो, तर उच्छ्वासाच्या शेवटी साधारण 5 टक्के. हा वायू सुमारे 4.3 मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण शोषतो. त्यावरून कॅप्नोग्राफ त्याचे प्रमाण मोजतो आणि पडद्यावर प्रत्येक श्वासाची लहर काढतो. निरोगी माणसात तिची उंची पाऱ्याच्या 35 ते 45 मिलिमीटरइतकी असते. मास्कने हवा देताना पोटात शिरलेल्या वायूमुळे पहिले काही श्वास फसवी लहर उमटू शकते, म्हणून ती निदान 7 श्वास टिकलेली पाहावी लागते. हृदय थांबले असले, तरी ते चालवण्यासाठी छातीवर हाताने दिला जाणारा दाब नीट चालू असताना खुजी का होईना, लहर बहुधा उमटते. त्यामुळे सपाट रेषा दिसली, तर “हृदयच बंद आहे” असे म्हणून स्वतःची समजूत घालू नये. नळी चुकली आहे असे धरूनच चालावे.

नळी खोल जाऊन उजव्या फुप्फुसाच्या शाखेत शिरली, तर मात्र हे यंत्र ते ओळखत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंचा श्वास ऐकणे आणि दातांपाशी नळीवरचा आकडा पाहणे, प्रौढ स्त्रीत साधारण 21 व पुरुषात 23 सेंटिमीटर, हे आवश्यकच आहे.

योग्य जागी बसलेली नळी पुढे तिथेच राहील, असेही नाही. हनुवटी छातीकडे झुकली की तिचे टोक खोल जाते आणि मान मागे गेली की वर सरकते. म्हणूनच चांदसैली घाटातून नंदुरबारकडे निघालेल्या रुग्णवाहिकेत लहर दाखवणारे यंत्र असावे, असे मी आग्रहाने म्हणतो. वळणावळणाच्या त्या रस्त्यावर इंजिनाच्या घरघरीत स्टेथोस्कोप काही सांगत नाही, आणि रुग्णाला स्ट्रेचरवरून खाटेवर घेतल्यावर पहिली नजर त्या लहरीवरच जायला हवी.