मदेराची सुट्टी: आधी ऊस, मग क्षयरोगी, मग टुरिस्ट

मदेराचे फोटो हल्ली सगळीकडे दिसतात, ढगांच्या वर डोकं काढलेले डोंगर, हिरव्यागार दऱ्या, कड्याच्या पोटातून जाणारी अरुंद पायवाट आणि तिला लागून झुळझुळ वाहणारं पाणी. बघणाऱ्याला वाटतं की हे बेट देवानं सुट्टीसाठीच बनवलंय. पण तिथं टुरिस्ट ज्या ज्या गोष्टींसाठी पैसे मोजतात त्यातली जवळपास एकही सुट्टीसाठी बनलेली नाही, हे आधी सांगून टाकतो.

बेट पोर्तुगालचं, पण आहे अटलांटिकमध्ये, लिस्बनपासून साधारण हजार किलोमीटर, त्यापेक्षा मोरोक्कोचा किनारा जवळ. लांबी जेमतेम 57 किलोमीटर आणि तेवढ्यात सगळ्यात उंच शिखर, पिको रुइवो, 1,860 मीटरच्या वर. 1419 मध्ये झार्को आणि त्रिस्तांव वाझ तेशैरा हे पोर्तुगीज दर्यावर्दी इथं उतरले, त्याच्या आदल्या वर्षी ते शेजारच्या पोर्तो सांतो या सपाट, कोरड्या बेटावर पोचले होते आणि तिथून लांबवर ढगांचा एक काळा ढीग दिसायचा म्हणतात, तो म्हणजे हे बेट. माणूस नव्हता, नुसतं जंगल. पोर्तुगीजमध्ये मदेरा म्हणजे लाकूड, नाव पडलं ते त्यावरून. मग शेतीला जागा करायला त्यांनी जंगलाला आग लावली, ती सात वर्षं जळत होती अशी दंतकथा आहे, सात वर्षं वगैरे सोडून द्या पण दक्षिणेकडचं जंगल गेलं ते गेलंच.

जागा मोकळी झाल्यावर लावला ऊस. युरोपात तेव्हा साखर ही श्रीमंतांची चैन होती, त्यामुळे पैसा धो धो आला. ख्रिस्तोफर कोलंबससुद्धा 1478 मध्ये साखरेच्याच व्यवहारासाठी इथं आला होता आणि त्याची बायको पोर्तो सांतोच्या पहिल्या कॅप्टनची, म्हणजे तिथल्या कारभाऱ्याची, मुलगी. पण उसाची एक गोची होती. पाऊस पडतो तो उत्तरेकडे आणि डोंगरमाथ्यावर, कारण ईशान्येकडून येणारे वारे ढग घेऊन तिथं धडकतात, आणि उसाला लागणारं ऊन मिळतं दक्षिणेला, बेटाची राजधानी फुंशालच्या बाजूला, जिथं पाऊस कमी. मग डोंगराचं पाणी दक्षिणेला आणायचं, त्यासाठी खोदले लेवादा.

लेवादा म्हणजे आपल्या भाषेत सरळ पाट. फूट-दोन फूट रुंद, उतार इतका कमी की पाणी धावतही नाही आणि थांबतही नाही, डोंगराची एकेक घडी फिरत फिरत मैलोन्मैल जाणारा, आणि जिथं वळसा शक्य नाही तिथं बोगदा. काही ठिकाणी कड्यावरून दोरानं टोपल्यात लोंबकळत माणसांनी दगड फोडला असं सांगतात. माणसं म्हणजे बऱ्याचदा गुलाम, कॅनरी बेटांवरून पकडून आणलेले तिथले मूळ रहिवासी, ग्वांचे, आणि नंतर आफ्रिकेतले. फोटोखाली हे कुणी लिहीत नाही. पाटाची देखभाल करायला, गाळ काढायला आणि ज्याची पाणीपाळी असेल त्याच्या शेतात पाणी सोडायला एक माणूस असायचा, लेवादैरो, म्हणजे पाटकरीच की. त्या पाटकऱ्याला चालता यावं म्हणून पाटालगत जी चिंचोळी वाट ठेवली तीच आजची जगप्रसिद्ध ट्रेकिंग रूट. 2,000 किलोमीटरच्या वर लांबी आहे सगळ्या लेवादांची, त्यातले बरेच मोठे तर 20व्या शतकातले, शेती आणि जलविद्युत दोन्हीसाठी बांधलेले. कठडा नाही म्हणून घाबरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ती वाट तुमच्यासाठी नव्हतीच.

साखरेचा धंदा 16व्या शतकात बसला. ब्राझीलची साखर स्वस्त पडायला लागली, जमीन थकली, भट्ट्यांना सरपण उरलं नाही. त्याची जागा वाइननं घेतली. इथं आपल्या ओळखीचं एक प्रकरण येतं, पोर्तुगालच्या कॅथरीनचं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न झालं, 1662, ज्या हुंड्यात मुंबई गेली तेच लग्न. मदेरा हुंड्यात गेलं नाही पण 1663 च्या इंग्लिश कायद्यात इथल्या वाइनला सूट मिळाली, ती थेट इंग्लिश वसाहतींना विकता येऊ लागली आणि इंग्रज व्यापारी फुंशालमध्ये ठाण मांडून बसले. उष्ण समुद्रातून जहाजात फिरून आलेली वाइन बिघडण्याऐवजी जास्त चांगली लागते हेही याच धंद्यात कळलं.

इंग्रज बसले म्हणून इंग्रज पाहुणे आले, पण ते मजा करायला नाही. 19व्या शतकात क्षयाला औषध नव्हतं, डॉक्टर सांगायचे हवा बदला, आणि फुंशालची हवा बारा महिने ना धड थंड ना धड गरम. मग हिवाळा आला की बोटी भरून खोकणारी माणसं इथं. ब्राझीलची राजकन्या मारिया अमेलिया 1853 मध्ये इथंच गेली, तिच्या आईनं तिच्या नावानं उभारलेल्या रुग्णालयाची इमारत अजून फुंशालमध्ये आहे. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ 1860 चा हिवाळा इथं काढून गेली आणि त्या बातमीनं बेटाचं नाव युरोपभर झालं. फुकटची जाहिरात!

याच धंद्यात विल्यम रीड नावाचा स्कॉटिश पोरगा वर आला. 1836 मध्ये खिशात पाच पौंड घेऊन आला म्हणतात, मग वाइन, मग आजारी पाहुण्यांना बंगले भाड्यानं देणं, मग हॉटेलं. कड्यावरचं त्याचं मोठं हॉटेल 1891 मध्ये उघडलं तेव्हा तो जिवंत नव्हता, मुलांनी पुरं केलं. 1882 मध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरनं क्षयाचा जंतू दाखवला, डॉक्टरांचा कल डोंगरातल्या थंड सॅनिटोरियमकडे गेला, आणि हॉटेलवाल्यांना खोकणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा चहा पिणारं गिऱ्हाईक बरं वाटायला लागलं. सुट्टीचा खरा धंदा इथून सुरू झाला.

फुंशालच्या वर डोंगरात असलेल्या मोंते गावावरून घसरत येणाऱ्या वेताच्या गाड्या? त्या 1850 च्या आसपास वरच्या लोकांनी खाली शहरात लवकर पोचायला काढल्या. भरतकाम? द्राक्षांवर रोग पडला, घरात खायला नव्हतं, तेव्हा 1850 च्या दशकात एका इंग्रज व्यापाऱ्याच्या मुलीनं इथल्या बायकांचं काम इंग्लंडात विकायला सुरुवात केली. मोंतेचं धुकं फोटोत फार रोमँटिक दिसतं पण ऑस्ट्रियाचा शेवटचा सम्राट कार्ल हद्दपारीत तिथंच राहिला, हॉटेल परवडेना म्हणून, आणि 1922 मध्ये न्यूमोनियानं 34 व्या वर्षी गेला.

पोचणं मात्र फार काळ अवघडच होतं. 1949 पासून साउदॅम्प्टनहून पाण्यावर उतरणारी विमानं यायची, चर्चिलही 1950 च्या जानेवारीत येऊन कामारा दे लोबुश या कोळ्यांच्या गावी चित्र काढत बसला होता. खरा विमानतळ 1964 मध्ये झाला, धावपट्टी 1,600 मीटर, एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला समुद्र. 1977 मध्ये पावसात एक विमान धावपट्टी ओलांडून खाली गेलं, 131 माणसं गेली. त्यानंतर ती वाढवत नेली आणि 2000 मध्ये समुद्राकाठी उंच खांबांवर पेलून 2,781 मीटर केली. त्याच्या आदल्या वर्षी उत्तरेकडचं वाचलेलं, लॉरेल या सदाहरित झाडांचं जंगल युनेस्कोच्या यादीत गेलं, म्हणजे जे जाळायला निघाले होते त्यातलं उरलेलं बघायला आता लोक विमानानं येतात. वारा मात्र अजून ऐकत नाही. जोर धरला की विमान उतरू देत नाहीत आणि कधीकधी पोर्तो सांतोला वळवतात, मग तिथं बसून समोर ढगांचा तो ढीग बघत राहायचं, झार्कोसारखं.