टीथ व्हायटनिंग प्रॉडक्ट्स (चिठ्ठीशिवाय मिळणारी)

मेडिकलमधे किंवा ऑनलाइन डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या व्हायटनिंग टूथपेस्ट, स्ट्रिप्स (दातांवर चिकटवायच्या पट्ट्या), जेल, पावडरी हे सगळं यात येतं. उपयोग होतो का, तर दात पिवळे कशामुळे झालेत त्यावर आहे. चहा, कॉफी, सिगारेट, मिश्री, गुटखा यांचे डाग वरवर बसतात, पण इनॅमलच्या (दातावरच्या कडक पांढऱ्या थराच्या) खालचं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला थर, मुळातच पिवळसर असतं आणि वयाबरोबर इनॅमल पातळ होत गेलं की ते जास्त दिसायला लागतं, तिथे घासून काही होत नाही, उलट जोर लावून घासलं तर इनॅमल अजून झिजणार आणि दात अजून पिवळे दिसणार.

व्हायटनिंग टूथपेस्ट बहुतेक वेळा फक्त वरचे डाग काढते, कारण तिच्यात सिलिकासारखे बारीक घासणारे कण असतात. काहींमधे ब्लू कोव्हॅरिन नावाचा निळा रंग असतो, म्हणजे पांढऱ्या कपड्यांना नीळ देतो ना तोच प्रकार, ब्रश केल्या केल्या दात उजळ वाटतात पण आतला रंग आहे तोच राहतो. जांभळी सीरम्स पण याच जातीची.

खरा फरक पडतो तो पेरॉक्साइडने, म्हणजे ब्लीच करणाऱ्या रसायनाने. हायड्रोजन पेरॉक्साइड इनॅमलमधून आत शिरतं आणि रंग देणारे रेणू तोडतं. जेलमधे बऱ्याचदा कार्बामाइड पेरॉक्साइड असतं, 10 टक्केवाल्यातून साधारण 3.5 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, त्यामुळे डब्यावरचा मोठा आकडा बघून हुरळून जाऊ नये. स्ट्रिप्स नीट लावल्या तर दोनेक आठवड्यांत फरक दिसतो, पण तो कायमचा नसतो. कोक्रेन (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) हिच्या 2018 च्या आढाव्यातही घरगुती ब्लीचिंगचा परिणाम दिसला, फक्त पुरावा कच्चा आणि थोड्या काळापुरताच निघाला. दात शिवशिवणं आणि हिरड्यांची आग हे नेहमीचे त्रास, आणि स्ट्रेंथ वाढली की तेही वाढतात. युरोपियन युनियनमधे तर 2012 पासून 0.1 टक्क्यापर्यंतच हायड्रोजन पेरॉक्साइड थेट ग्राहकाला विकता येतं, त्यावर 6 टक्क्यांपर्यंतचं डेंटिस्टकडूनच. किटमधला निळा एलईडी लाइट बघायला भारी वाटतो, बाकी काम जेलचंच.

चारकोल पेस्ट म्हणजे आपली राखुंडीच, फक्त काळ्या ट्यूबमधे आणि चौपट भावात. 2017 साली अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या जर्नलमधे आलेल्या आढाव्यात तिच्या दाव्यांना पुरेसा आधार सापडला नाही. लिंबू चोळणं त्याहून वाईट, आम्लाने इनॅमल विरघळतं आणि गेलेलं इनॅमल परत येत नाही.

लहानपणी टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक घेतल्याने करडे झालेले दात स्ट्रिप्सना फारशी दाद देत नाहीत. कॅप, व्हिनिअर (दाताच्या पुढून चिकटवलेला पातळ कवचासारखा थर) आणि दाताच्या रंगाचं फिलिंग तर ब्लीच होतच नाही, त्यामुळे पुढच्या एखाद्या दाताला कॅप असेल तर आजूबाजूचे दात उजळतात आणि कॅप तेवढी पिवळट उठून दिसते, मग तीच बदलून घ्यावी लागते.